पहिल्या लीडरपर्यंत

मागच्या मे महिन्यात मी आणि माझा अकरा वर्षांचा भाचा एकाच माणसाशी आठ वेळा हरलो. त्या माणसाचं नाव ब्रॉक. तो कारंज्याचा नाही, मंगरूळपीरचा नाही, आमच्या शेलूबाजारचा तर नाहीच. तो पोकेमॉनच्या खेळातला पहिला जिम लीडर आहे. हसू नका. मीही आधी हसलोच होतो.

भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत दरवर्षी आमच्याकडे येतो. यंदा आला तेव्हा घरात शिरताना त्याने नेहमीसारखी हाक मारली नाही. नानीला सलाम केला, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पंख्याखाली जाऊन पडला. कारण सगळ्यांना माहीत होतं. मार्चच्या शेवटी नवोदयचा निकाल लागला होता आणि यादीत त्याचं नाव नव्हतं.

ज्यांच्या घरात पाचवीचं मूल नाही त्यांच्यासाठी सांगतो. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी एक निवड परीक्षा असते. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. निम्मे प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे. उरलेले अंकगणित आणि भाषेचे. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 जागा. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी, म्हणून आपल्याकडच्या गावांत या परीक्षेवर फार जीव. आणि मुख्य नियम असा की ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. पुढच्या वर्षी परत बसू, असं म्हणायची सोय नाही.

तो नियम मी त्याला वर्षभर ऐकवला होता. फोनवर, ईदला, लग्नात जेवायला बसलेलो असताना. 'बेटा, एकच चान्स आहे.' मला वाटायचं, मी त्याला गंभीर करतोय.

पहिले दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन आणि आत कुलरचा आवाज, मी जुन्या हार्ड डिस्कमध्ये जमिनीच्या कागदांचे फोटो शोधत होतो. तिथे कॉलेजच्या वेळचं एक फोल्डर सापडलं. त्यात 'पोकेमॉन फायररेड'. हा 2004 चा खेळ, निन्टेन्डोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स नावाच्या हातातल्या यंत्रासाठी काढलेला. ते यंत्र मी आजपर्यंत हातात घेतलेलं नाही. हॉस्टेलवर एकाच्या पेन ड्राइव्हमधून हा खेळ सगळ्या खोल्यांत फिरला होता आणि आम्ही तो कॉम्प्युटरवर इम्युलेटरमध्ये खेळायचो. त्याचे पैसे आमच्यापैकी कुणीच कुणाला दिले नव्हते. ही गोष्ट मी अभिमानाने सांगत नाही, पण लपवूनही ठेवत नाही.

भाचा मागे येऊन उभा राहिला. 'मामू, याचा बदललेला खेळ असतो. खूप अवघड. माझा मित्र हरला त्यात.'

हे बदललेले खेळ चाहते करतात. मूळ खेळ उघडून त्यातले प्राणी, नकाशे, लढतीचे नियम बदलतात आणि फुकट वाटतात. वाटतात तो पूर्ण खेळ नसतो, पॅच असतो. म्हणजे मूळ खेळात कुठे काय बदललं तेवढंच त्या छोट्या फाइलमध्ये. ती मूळ खेळावर चढवली की नवा खेळ तयार. मूळ फायररेड अवघा 16 एमबीचा, आजच्या एका व्हिडिओएवढा. त्यात लोकांनी वर्षानुवर्षं बसून काय काय कोंबलंय ते पाहून मी थक्क झालो.

तर आम्ही तो माझ्या फोनवर घातला. सुरुवातीला तीन प्राण्यांतला एक निवडायचा असतो. गवताचा बल्बासॉर, आगीचा चारमँडर, पाण्याचा स्क्वर्टल. मी म्हणालो, पाण्याचा घे. पहिला लीडर दगडाचे प्राणी बाळगतो आणि दगडावर पाणी भारी पडतं. त्याने चारमँडर घेतला. का, तर त्याला आवडतो. नाव ठेवलं बादशाह.

मग मी मामूगिरी केली. या खेळात जगभरचे लोक एक कडक पद्धत पाळतात, नझलॉक म्हणतात तिला. प्राणी एकदा बेशुद्ध पडला की तो मेला असं मानायचं, परत वापरायचा नाही. प्रत्येक रस्त्यावर जो पहिला भेटेल तोच पकडायचा. प्रत्येकाला नाव द्यायचं. मी म्हटलं, आपण असंच खेळू, म्हणजे विचार करून खेळशील.

गवतातून, जंगलातून तीन दिवस गेलो. या खेळाची कल्पना ज्यांची, त्या सातोशी ताजिरींना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. ते वाचलं तेव्हा मला आमचं बालपण आठवलं. पावसाळ्यात बांधावरचे सोनकिडे पकडून काडेपेटीत ठेवायचो आणि शाळेत अदलाबदल करायचो. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, 'मग तुम्ही पण ट्रेनरच होता.' आल्यापासून पहिल्यांदा तो हसला.

सहा प्राणी जमले. मँकी, ओडिश, एक पिजी, एक रटाटा, आणि जंगलातली अळी कॅटरपी. तिची पुढे बटरफ्री झाली, फुलपाखरू. तिचं नाव त्याने रेशमा ठेवलं. सगळ्यांत जास्त लाड तिचे.

आणि मग ब्रॉक. मूळ खेळात त्याच्याकडे दोनच प्राणी, जिओड्यूड लेव्हल 12 चा आणि ऑनिक्स 14 चा. या बदललेल्या खेळात सहा. लढत चालू असताना औषध वापरता येत नाही. आपल्या प्राण्यांना गवतात लढवून लढवून लेव्हल वाढवावी म्हटलं तर तीही एका हद्दीच्या वर जात नाही. म्हणजे नुसत्या मेहनतीने भागत नाही. आधी जिओड्यूड येतो आणि आपल्या बाजूला टोकदार दगड पसरवून ठेवतो. त्यानंतर आपला जो प्राणी उतरेल त्याला उतरताक्षणी जखम. रेशमा कीटकही आणि उडणारीही, दोन्ही दगडाला कच्चे. त्यामुळे ती मैदानात पाय ठेवायच्या आधीच तिची निम्मी ताकद गेली. पाच-सात मिनिटांत सहाही प्राणी पडले.

मी म्हणालो, 'संपलं. आता नियमाप्रमाणे सगळे मेले. पहिल्यापासून सुरू कर.'

त्याने फोन गादीवर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, 'मामू, हे पण एकदाच?'

मला उत्तर देता आलं नाही. कुलरमध्ये पाणी संपलं होतं, ते भरायचं निमित्त करून मी उठलो. बादली भरता भरता वर्षभराचे माझे फोन आठवत होते. त्या मुलाला मी आकृत्या समजावून सांगितल्या नव्हत्या, त्याच्या शेजारी बसून एक पेपरही सोडवला नव्हता. नुसता नियम सांगितला होता, तोही पन्नास वेळा.

परत आलो आणि म्हणालो, 'नियम माझा होता. तो रद्द. तू सांग कसं खेळायचं.'

त्याने थोडा विचार केला. हरलो तर खेळ जसा करतो तसंच होऊ द्यायचं. खेळ काय करतो? थोडे पैसे कापतो आणि तुम्हाला पोकेमॉन सेंटरमध्ये नेऊन उभं करतो. प्राणी बरे होतात. दारातून बाहेर पडून परत ब्रॉककडे जाता येतं. पण लढत चालू असताना मधेच सेव्ह करून, वार चुकला की मागे जायचं, हे मात्र करायचं नाही. इम्युलेटरमध्ये ती सोय असते. 'ते केलं तर आपल्याला काही कळणारच नाही,' असं तो म्हणाला. अकरा वर्षांच्या पोराने ठरवलेला हा नियम माझ्या नियमापेक्षा बरा होता, हे मला मान्य करावं लागलं.

दुसऱ्यांदा हरलो, तिसऱ्यांदा हरलो. चौथ्या दिवशी त्याने पिशवीतून वही काढली. नवोदयच्या तयारीची वही, मागची पानं कोरी होती. ब्रॉकचा कुठला प्राणी कितव्यांदा येतो, काय करतो, कशाने किती लागतं, ते लिहू लागला. आता हरल्यावर तो चिडत नव्हता. 'ऑनिक्सला एका वारात मारता येत नाही मामू, एकचा एक उरतोच.' आम्ही बघितलं, तर खरंच त्याच्या अंगात तसा गुण असतो. पूर्ण ताकदीत असताना कितीही मोठा वार बसला तरी तो जिवापुरता उरतो.

एवढ्यात माझी धाकटी बहीण, त्याची आई, त्याला भेटायला कारंज्याहून आली. आल्या आल्या मला झापलं. 'भाईजान, निकाल असा लागला आणि तुम्ही त्याच्या हातात मोबाइल देता?' अम्मीनेही तिचीच बाजू घेतली. मी गप्प. पण चहा घेता घेता तिची नजर स्क्रीनवर गेली. लहानपणी कार्टून नेटवर्कवर हिंदीतला पोकेमॉन तिने एक दिवस चुकवला नव्हता. तेव्हा आखातातून आलेल्या एका नातेवाइकाने अब्बांना सांगितलं होतं की सौदीत 2001 सालीच यावर बंदी आलीय, यात जुगार आहे म्हणे. अब्बांनी तिला एवढंच विचारलं, 'यात पैसे लागतात का?' ती म्हणाली, नाही. 'मग बघ, पण नमाजच्या वेळी बंद.' विषय संपला होता. आता तीच बहीण कप हातात धरून ओरडत होती, 'अरे ऑनिक्सवर पाणी टाक, पाणी!' मुलगा म्हणाला, 'अम्मी, पाण्याचा घेतलाच नाही.' ती मला म्हणाली, 'तुम्ही सांगितलं नाही का याला?'

सातव्यांदा हरल्यावर रात्री गच्चीवर झोपायला गेलो. लांबून समृद्धी महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज येत होता. मला वाटलं तो झोपला. तो म्हणाला, 'मामू, तुम्ही बसला होता का नवोदयला?'

मी बसलो होतो. तेव्हा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, तो 1998 साली झाला. आमचा जिल्हा अकोला. माझंही नाव यादीत नव्हतं. अब्बा रागावले नाहीत, पण आठवडाभर माझ्याशी बोललेही नाहीत. पुढे मी शिकलो, पोटापाण्याला लागलो, पण ही गोष्ट बहिणीलाही कधी सांगितली नाही. ती तेव्हा फार लहान होती आणि नंतर सांगायची वेळ मी येऊ दिली नाही. त्या रात्री भाच्याला सांगितली. त्याने विचारलं, 'किती मार्कांनी?' मी म्हणालो, 'ते कळलंच नाही, नुसतं नाव नव्हतं.' तो म्हणाला, 'माझंही.' मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सकाळी उठल्यावर त्याने वही दाखवली. त्याचा बेत असा होता. रेशमाला आपण नेहमी मागे ठेवत होतो, कारण ती नाजूक. पण ती मागे राहिल्यामुळेच दगडांवरून येते आणि अर्धी मरते. तिलाच सगळ्यांत आधी उतरवायचं. तेव्हा दगड पसरलेले नसतात. जिओड्यूड संथ, ती चपळ. तिच्याकडे झोपेची भुकटी आहे. तो झोपला तर दगड पसरवणार कसा?

आठव्यांदा गेलो. रेशमाने भुकटी टाकली आणि ती हुकली. चारातून तीनदा लागते, एकदा हुकते, असा त्या भुकटीचा हिशेब आहे. दगड पसरले आणि आम्ही हरलो. मला वाटलं आता हा वही फेकणार, बेत बदलणार. तो म्हणाला, 'बेत बरोबर होता. भुकटी लागली नाही.' आणि काहीही न बदलता परत गेला.

नवव्यांदा भुकटी लागली. जिओड्यूड जागा व्हायच्या आत ओडिशने त्याला संपवलं. मँकीने लाथा मारून मारून मधले दोन काढले आणि पडली. शेवटी ऑनिक्स, त्याचा तो एकचा एक उरलेला, आणि आमच्याकडे फक्त बादशाह. आग दगडावर जवळजवळ काहीच करत नाही. पण एक उरलेला असेल तर ठिणगीही पुरते.

अम्मी न्हाणीघरातून धावत आली, पोराला काय झालं म्हणून, इतका तो ओरडला.

बिल्ला मिळाला. त्याने खेळ सेव्ह केला, फोन मला दिला आणि खाली क्रिकेट खेळायला गेला. पुढे सात लीडर आहेत, अजून आम्ही दुसऱ्याकडेही पोचलेलो नाही. जूनमध्ये तो सहावीला गावातल्याच शाळेत गेला.

नवोदयची परीक्षा परत देता येणार नाही, हे मला खेळातून बदलता येत नाही आणि मी त्याला तसं खोटं सांगितलंही नाही. पण त्या वर्षी त्याने केलेली तयारी चूक होती का? वही मी नंतर चाळली. पुढच्या पानांवर गणितं आहेत, अक्षर सुबक, बहुतेक बरोबर. मागच्या पानांवर ब्रॉक. दोन्हीकडे मेहनत तितकीच. हे त्याला निकालाच्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्या घरात ते मला यायला दोन महिने लागले. तुमच्या घरात पाचवीचं मूल असेल तर तुम्ही इतका उशीर करू नका.