यादीतून गळलेली माणसं

रुग्णालयात नोकरी म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांना मी डॉक्टर वाटते. मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात आहे खरी, पण माझं काम डेटाबेसला प्रश्न विचारण्याचं. हे प्रश्न, म्हणजे क्वेरी, एसक्यूएल भाषेत लिहितात. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती १९७४ च्या सुमारास मांडली. आजही आमचा सगळा कारभार तिच्यावरच चालतो.

जुनी क्वेरी म्हणजे गावाकडचं घर. प्रत्येक पिढीनं एकेक पडवी काढलेली, आणि कुठली भिंत कशाला उभी आहे ते कुणालाच आठवत नाही. तपासणीला पुन्हा बोलवायच्या रुग्णांची यादी काढणारी आमची क्वेरी तशीच होती. ३५० ओळी, रोज पहाटे ४० मिनिटं. यादी उशिरा आली की फोन करणाऱ्या मंडळींची कुरकुर सुरू.

एका तरुण सहकाऱ्यानं ती ६० ओळींत आणली. अर्ध्या मिनिटात यादी! काम देखणं होतं. एकच माहिती चार ठिकाणांहून मागवली जायची, ती त्यानं एकदाच मागवली. तारखांचंही तसंच. ‘ज्या तारखेचं वर्ष २०२४ आहे’ असं विचारलं की संगणक बहुधा प्रत्येक नोंद उचलून तिचं वर्ष काढत बसतो. ‘१ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत’ असं विचारलं, तर पुस्तकामागच्या सूचीत बोट ठेवावं तसा थेट तिथे जातो. उत्तर तेच, वेळ किती तरी कमी. असल्या वेगाला माझी कधीच हरकत नसते.

तपासणीसाठी ते माझ्याकडे आलं. मी जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून फरक काढला. नव्या यादीत ११ माणसं कमी होती.

समजा, दोन वह्या आहेत. एकीत रुग्ण, दुसरीत त्यांचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. त्या दोन तऱ्हांनी जोडता येतात. ‘लेफ्ट जॉइन’मध्ये पहिल्या वहीतलं प्रत्येक नाव येतं, डॉक्टर सापडला नाही तर तो रकाना रिकामा राहतो. ‘इनर जॉइन’मध्ये दोन्ही वह्यांत सापडेल तोच येतो. सुटसुटीत करताना पहिल्याच्या जागी दुसरा आला होता. ज्यांचा जीपीच नोंदलेला नाही, ते ११ जण गळाले. आपल्या मंडळाच्या यादीत ईमेल नसलेले आजीआजोबा सुटतात ना, अगदी तसेच.

जीपी नसलेली माणसं कोण? नुकतीच या देशात आलेली, सारखी घरं बदलणारी, मुलांकडे येऊन राहिलेले आईवडील. आपल्यातले किती जण पहिल्या वर्षी जीपीकडे नाव नोंदवायचं विसरले होते, ते आठवून पाहा. ज्यांना फोन गेलाच पाहिजे, नेमकी तीच माणसं. आणि ती तक्रार करणार नाहीत, कारण आपल्याला बोलावणार होते हेच त्यांना ठाऊक नाही. हळू चालणाऱ्या क्वेरीबद्दल रोज कुणी तरी ओरडतं. चुकीची क्वेरी एरर न देता निमूट यादी देते.

याहून चक्रम एक प्रकार आहे. ‘आम्हाला बोलावू नका’ असं कळवलेल्यांना वगळायला ‘नॉट इन’ वापरला आणि त्या नकार-यादीत चुकून एक क्रमांक कोरा असला, तर एकही नाव येत नाही! संगणकाच्या लेखी कोरा म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. तो कोरा क्रमांक तुमचाही असू शकतो, म्हणून तुम्ही नकार-यादीत नक्की नाही असं तो म्हणत नाही. आणि खात्री नसेल तर निवडत नाही. तर्क बिनचूक, यादी रिकामी. हे निदान लगेच दिसतं तरी. ११ जण दिसत नाहीत.

नवी क्वेरी सोमवारी सुरू करायचं वरून ठरलं होतं. मी दोन आठवडे मागितले आणि थोडी वादावादी होऊन एक मिळाला. त्या आठवड्यात दोन्ही क्वेरी रोज चालवल्या आणि फरकातलं एकेक नाव पाहिलं. जुनीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. एका बाईंचं नाव ती रोज दोनदा देत होती, तेव्हा ते नव्या पद्धतीनंच ठेवलं. सगळीकडे इतका काटेकोरपणा मी धरत नाही. प्रतीक्षालयातल्या पडद्यावर किती जण थांबलेत तो आकडा १० मिनिटं शिळा असला तरी चालतो. त्या आकड्यावरून कुणाला वगळलं जात नाही.

एक शब्द बदलून लेफ्ट जॉइन परत आणला. वेळ थोडा वाढला, ३८ सेकंद. ते ११ जण यादीत आले, डॉक्टरच्या रकान्यात कोरी जागा घेऊन. परवा फोन करणाऱ्या एकीनं विचारलं, “या मोकळ्या रकान्यांच्या ओळी विचित्र दिसतात, काढून टाकता येतील का?”

नाही म्हटलं.