न भेटलेल्या बाईचं देणं

एलन डीजेनेरसला मी कधी भेटलेले नाही. तिला माझं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. तरीही आयुष्यात आपण कुणाकुणाचं देणं लागतो याचा हिशेब मांडायला बसले, की आई-बाबा, मिरजेच्या शाळेतल्या बाई आणि माझी जोडीदार यांच्या पाठोपाठ लुइझियानातल्या मेटेरी गावी जन्मलेल्या या विनोदी अभिनेत्रीचं नाव येतं. तिच्या आईचं, बेटीचंही येतं. माझं आणि माझ्या आईचं जे बोलणं वर्षानुवर्षं अडून राहिलं होतं, ते या दोघींमुळे मोकळं झालं. हे ऋण फिटणारं नाही, पण ते जाहीरपणे मानता येतं.

मी वाढले त्या काळात, बाईवर प्रेम करणारी बाई मराठीत फारशी कुठे भेटत नसे. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोघींचं प्रकरण ओझरतं येऊन गेलं होतं. आणि विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा विषय रंगमंचावर आणणं हे मोठं धाडस होतं. रोहिणी हट्टंगडींनी त्यातल्या नायिकेची, मित्राची, भूमिका केली होती. मला तो प्रयोग पाहायला मिळाला नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात, कपाटाआडच्या बाकावर बसून मी ते पुस्तक वाचलं. तेंडुलकरांनी समाजाचा निर्दयपणा जसा होता तसा दाखवला, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण अठरा वर्षांची मुलगी नाटक वाचताना त्यात स्वतःचं पुढचं आयुष्य शोधत असते, आणि मित्राची वाट मृत्यूपाशी संपत होती. अशा बाईची गोष्ट दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने संपू शकते, असं सांगणारं तेव्हा माझ्यापाशी काही नव्हतं.

शिकायला मी अमेरिकेत ओहायोला गेले, तेही काही स्वर्गात पाऊल ठेवणं नव्हतं. सप्टेंबर १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली होती. समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला केंद्र सरकार मान्यता देणार नाही, असं त्या कायद्याने ठरवून टाकलं. सेनेटमध्ये तो ८५ विरुद्ध १४ मतांनी संमत झाला होता. दोन्ही पक्षांचे पुढारी त्यात होते. राजकारणाने आमच्याकडे पाठ फिरवली, त्याला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एक विनोदी नटी पुढे आली.

एबीसी वाहिनीवर तिची 'एलन' नावाची मालिका चालायची. एप्रिल १९९७ मध्ये ती 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली, आपण समलिंगी आहोत हे तिने तिथे सांगून टाकलं, आणि ३० एप्रिलच्या बुधवारी तिच्या मालिकेतल्या एलन मॉर्गननेही तेच सांगितलं. तासाभराचा तो भाग अमेरिकेत सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. त्या गर्दीत आमच्या वसतिगृहाच्या सामाईक खोलीतली मीही होते.

त्यातला विमानतळाचा प्रसंग मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. एलनला सुझन नावाच्या बाईपाशी मन मोकळं करायचं आहे. लॉरा डर्नने सुझनचं काम केलं आहे. एलन वाक्य सुरू करते, अडखळते, शब्द गिळते, पुन्हा सुरू करते. बोलता बोलता ती काउंटरवर वाकते, तिथला ध्वनिक्षेपक नकळत सुरू होतो, आणि जे एका व्यक्तीच्या कानात सांगायचं होतं ते अख्ख्या प्रतीक्षागृहाला ऐकू जातं. पडद्यावरचे प्रेक्षक हसले, आमची खोलीही हसली. त्या हसण्यात मला नवीन काय वाटलं ते सांगते. कुणी तिला हसत नव्हतं. तिची घालमेल सुटली, म्हणून सगळे तिच्याबरोबर हसत होते. आमच्यासारख्यांवर हशा पिकवायची रीत मला लहानपणापासून ठाऊक होती, पण आमच्या सुटकेच्या आनंदात लोक हसून सामील होतात, हे मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं.

त्याच भागातला टोस्टरचा विनोद तर मला मोठ्या राजकीय भाषणाच्या तोलाचा वाटतो. १९७७ मध्ये अनिटा ब्रायंट या गायिकेने फ्लोरिडात समलिंगींच्या हक्कांविरुद्ध मोहीम उघडली होती. हे लोक आपल्या पोराबाळांना नादी लावून आपल्यात ओढतात, हा तिचा मुख्य आरोप. वीस वर्षं तो आरोप प्रचारसभांतून आणि चर्चच्या व्यासपीठांवरून घुमत होता. एलनच्या लेखकांनी त्याचं काय केलं? सुझन म्हणते, आणखी एक सभासद मिळवला असता तर मुख्यालयाकडून मला टोस्टर ओव्हन बक्षीस मिळाला असता. शेवटी गायिका मेलिसा एथरिज येते आणि तो टोस्टर खरोखर तिच्या हाती देते. एवढ्या वर्षांच्या विखारी प्रचारातली हवा एका स्वयंपाकघरातल्या वस्तूने काढून घेतली. युक्तिवादाला प्रतियुक्तिवाद मिळतो, पण एकदा माणूस मनापासून हसला, की त्या आरोपाला पुन्हा भिणं त्याला अवघड जातं.

याची किंमत तिने मोजली. काही मोठ्या जाहिरातदारांनी हात काढून घेतला. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक वाहिनीने तो भाग दाखवायचं नाकारलं. तेव्हा तिथल्या लोकांनी मोठं सभागृह घेऊन उपग्रहावरून तो एकत्र पाहिला. पुढच्या भागांआधी पालकांसाठी इशारा झळकू लागला, आणि १९९८ मध्ये मालिका बंद पडली. एलनला काही वर्षं धड काम मिळालं नाही. जिने फक्त सोबतची भूमिका केली त्या लॉरा डर्नलाही वर्षाहून अधिक काळ कुणी काम दिलं नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला समलिंगी म्हणून मारून टाकलं गेलं. वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांवर शोकसभा झाली, तिथे एलन रडत बोलली. हेच थांबवण्यासाठी आपण ते सगळं केलं होतं, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. लोकांना हसवणं हा जिचा धंदा, तिला मी त्या दिवशी भर सभेत रडताना पाहिलं, आणि हा तिच्या प्रसिद्धीचा खेळ आहे म्हणणाऱ्यांचं मी पुढे कधीच ऐकून घेतलं नाही.

सप्टेंबर २००३ मध्ये ती परतली, ती रोज दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमातून. एका रात्रीच्या धाडसाइतकंच, किंबहुना जास्तच, माझ्यावर ऋण आहे ते या रोजच्या दुपारींचं. माझी आई २००८ च्या वसंतात आमच्याकडे कॅलिफोर्नियात राहायला आली. आई मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका. इंग्रजी वाचायची, पण अमेरिकन उच्चार तिला पटकन कळत नसत. दुपारी मेथी निवडत ती टीव्हीसमोर बसे आणि विचारी, "आली का गं ती नाचणारी?" एलन कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रेक्षकांबरोबर नाचायची, ते आईला फार आवडे. घरात मी आणि माझी जोडीदार राहत होतो. आईला सगळं कळत होतं, पण त्याबद्दल एक शब्द आमच्यात झाला नव्हता.

त्या वर्षी १५ मे रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला परवानगी दिली. एलनने आपलं लग्न जाहीर केलं. आठवड्याभरात तिच्या कार्यक्रमात राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले जॉन मकेन आले. तिने लग्नाचा विषय काढला. तिच्या सुखाला शुभेच्छा, पण अशा लग्नाला आपली संमती नाही, हे मकेन यांनी सभ्यपणे सांगितलं. त्यावर एलनने विचारलं, म्हणजे लग्नात माझा हात धरून मला मंडपापर्यंत न्यायला तुम्ही येणार ना? पाश्चात्त्य लग्नात हा मान वधूच्या वडिलांचा. मकेन यांना उत्तर सुचलं नाही, त्यांनी हसून तिला दाद दिली.

आईच्या हातातली मेथी थांबली. "तो नाही म्हणाला ना?"

"हो."

"आणि ही तरी त्याच्याशी हसून बोलते." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुमचं काय ठरलंय?"

मी तिला सांगितलं. आणि मग कपाटातलं बेटी डीजेनेरसचं 'लव्ह, एलन' हे १९९९ चं पुस्तक काढलं. पुढचे काही दिवस ते वाचत वाचत मी आईला मराठीत सांगत होते. १९७८ मध्ये मिसिसिपीतल्या एका समुद्रकिनाऱ्यावर फिरताना विशीतल्या एलनने आईला सांगितलं, तेव्हा बेटी हादरली होती. पुस्तकांतून, प्रश्नांतून ती हळूहळू समजून घेत गेली. पुढे समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ह्यूमन राइट्स कॅम्पेन या संस्थेच्या मोहिमेची ती प्रवक्ता झाली. त्या जागी आलेली ती पहिली बिगर-समलिंगी व्यक्ती. आईला कायद्यात, नटनट्यांत रस नव्हता. तिचा प्रश्न एकच होता, "तिच्या आईने नातेवाइकांना काय सांगितलं?"

मी म्हटलं, "अगं, तिने अख्ख्या देशाला सांगितलं."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना आई म्हणाली, "मिरजेला मी सांगेन. तू कुणाला फोन करू नकोस. मोठी मी आहे घरात." आणि तिने सांगितलं. मावशीला, काकांना, शेजारच्या वहिनींना, प्रत्येकाला तिने स्वतः फोन केला. सप्टेंबरमध्ये आमच्या काउंटीच्या कार्यालयात आमचं लग्न लागलं, तेव्हा साक्षीदाराच्या रकान्यात आईने देवनागरीत सही केली.

४ नोव्हेंबर २००८ ला बराक ओबामा निवडून आले, आणि त्याच मतदानात कॅलिफोर्नियाच्या सुमारे ५२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाह बंद करण्याच्या प्रस्ताव ८ ला कौल दिला. मधल्या महिन्यांत लग्न केलेल्या आमच्यासारख्या सुमारे १८ हजार जोडप्यांचं काय होणार, हे मे २००९ पर्यंत टांगणीला होतं. शेवटी न्यायालयाने ती लग्नं वैध ठरवली. त्याआधी, मतदानानंतर लगेच, १५ नोव्हेंबर २००८ ला देशभर निदर्शनं झाली होती. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत होतो. त्याच दिवशी लास व्हेगासच्या निदर्शनात वांडा साइक्स ही कृष्णवर्णीय विनोदवीर व्यासपीठावर आली आणि आपण समलिंगी असून आपलं लग्न झालं आहे, हे तिने प्रथमच जाहीर केलं. तोवर तिला ते सांगायची गरज वाटली नव्हती, पण त्या कौलाने आपल्यावरच घाव घातल्यासारखं तिला वाटलं. पुढच्या मे महिन्यात व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत राष्ट्राध्यक्षांसमोर विनोद करायला उभी राहिली ती हीच वांडा. त्या कामासाठी निवडलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होती. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला, आणि २०१६ मध्ये ओबामांनी एलनला राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक दिलं.

२०२० मध्ये एलनच्या कार्यक्रमातल्या कर्मचाऱ्यांनी तिथल्या वातावरणाविषयी गंभीर तक्रारी केल्या. चौकशी झाली, तीन वरिष्ठ निर्मात्यांना जावं लागलं, एलनने पडद्यावर माफी मागितली, आणि २०२२ मध्ये कार्यक्रम संपला. त्या कर्मचाऱ्यांचं ऐकलं गेलं ते योग्यच झालं. मी ऋण मानते, भक्ती करत नाही. प्रसिद्ध माणसाला देव्हाऱ्यात बसवलं, की त्याच्या हाताखालच्यांची गाऱ्हाणी दाबली जातात, हे आपल्याकडच्या चित्रपटसृष्टीतही आपण पाहिलं आहे. तिने १९९७ मध्ये जे केलं त्याचं मोल त्यामुळे कमी होत नाही, आणि त्या मोलापोटी पुढचं काही झाकलंही जाऊ नये.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आमचं प्रेम मोकळं केलं. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नाकारला. महाराष्ट्रात या वाटेवर पुष्कळांनी पायपीट केली आहे. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट उभारला आणि या विषयावर मराठीत नेटाने लिहिलं. नवीन नोरोन्हासारखे तरुण स्टँड-अप कलाकार आज मुंबईत आपलं समलिंगी असणं लपवत नाहीत. पण मराठी घराच्या दिवाणखान्यात रोज जो विनोद पोचतो, त्यात अजूनही पुरुषाला साडी नेसवून, मुरका मारायला लावून हशा वसूल केला जातो. संपूर्ण कुटुंब हसतं, आणि त्यात बसलेलं एखादं पोर मान खाली घालतं.

मराठीत विनोद लिहिणाऱ्यांना आणि करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या हातात मोठी गोष्ट आहे. कोर्टाचा निकाल आमच्या आयांपर्यंत पोचत नाही, पण तुम्ही रोज पोचता. त्या पोराला हसून घेऊ नका, त्याला तुमच्याबरोबर हसता येईल असं एक तरी पात्र लिहा. माझ्या आईला मिरजेला फोन करायचं बळ एका परक्या देशातल्या विनोदी बाईकडून आणि तिच्या आईकडून मिळालं. पुढच्या मुलीच्या आईला ते मराठीतून मिळालं पाहिजे.