मेल हलवणाऱ्या स्क्रिप्टला अनावृत पत्र

प्रिय स्क्रिप्ट,

आमच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात सध्या तुला फार मागणी आहे. एक्सचेंज सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्या आणि विंडोज १०, या सगळ्यांचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एकाच दिवशी, १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या जवळपास १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहोवर गेल्याच्या बातम्या आल्या. पत्ते तेच राहिले, मागची यंत्रणा बदलली. छोट्या-मोठ्या कंपन्यांच्या मालकांनीही मग सिस्टिमवाल्यांना विचारायला सुरुवात केली, आपलं कधी?

तू हवीसच, याबद्दल मला शंका नाही. शे-दीडशे पीसींवर हाताने अकाउंट टाकत फिरणारा पोरगा दुपारनंतर चुकायला लागतो. कुणाची सही राहते, कुणाचं कॅलेंडर. तू थकत नाहीस आणि काय केलं, काय अडलं याची नोंद मागे ठेवतेस.

पण तुला लिहिणारे बहुतेक जण सर्व्हरकडे बघून लिहितात. तिथलं काम त्या मानाने सोपं. आयमॅपने एकामागून एक फोल्डर उचलायचे, एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल दोन दिवस आधीच कमी करून ठेवायचा, म्हणजे नवी मेल लवकर नव्या जागी यायला लागते. कंपनीचा खरा कारभार मात्र टेबलावरच्या पीसीत साठलेला असतो.

चाकणच्या एखाद्या सप्लायरच्या डिस्पॅचला जाऊन बघ. आउटलुकमध्ये डावीकडे कस्टमरवार फोल्डर, प्रत्येकाच्या पोटात शेड्यूल, पीपीएपी, रिजेक्शन, डेबिट नोट. शेड्यूल आलं की रूलने थेट आपल्या फोल्डरात पडतं. डेबिट नोट लागली की तो माणूस काही वर्षांपूर्वीची एक मेल शोधून काढतो, ज्यात कस्टमरच्या क्वालिटीने डेव्हिएशन मान्य केलेलं असतं. त्या एका मेलवर पैसे वाचतात, आणि ती सर्व्हरवर नसते. पूर्वी पीओपीवर मेल पीसीत उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची; पुढे मेलबॉक्स भरला की पीएसटी काढून डी ड्राइव्हला टाकायची सवय लागली. आउटलुक २००२पर्यंत पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, त्यापलीकडे गेली की फाइल बिघडायची. म्हणून ‘जुनी’, ‘जुनी २’, ‘मार्च एंड’ अशा नावांच्या फाइली आजही सापडतात. तू फक्त युजरच्या प्रोफाइलमध्ये शोधलंस तर त्या तुला दिसणारच नाहीत. आधी सगळे ड्राइव्ह धुंडाळ, यादी कर, ती यादी त्या माणसाला दाखव आणि मगच हात लाव.

पत्त्यांचंही तसंच. पूर्ण पत्ता कुणीच टाइप करत नाही. दोन अक्षरं टाकली की खाली नाव येतं. आतल्या माणसांच्या बाबतीत त्या नावामागे जुन्या एक्सचेंजचा अंतर्गत पत्ता दडलेला असतो. सर्व्हर बदलला की शेजारच्या स्टोअरला पाठवलेली मेल परत येते, आणि पाळी बदलायच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नवी व्यवस्थाही एक्सचेंजचीच असेल तर प्रत्येकाचा तो जुना पत्ता एक्स ५०० म्हणून नव्या मेलबॉक्सला जोड. तेवढ्याने भागतं.

एक माणूस, एक लॉगिन, एक मेलबॉक्स हे तुझं गृहीतक ऑफिसात चालेल, शॉपवर नाही. स्टोअरच्या एकाच पीसीवर तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच लॉगिनने बसतात. पहिल्या पाळीला तू पासवर्ड मागितलास आणि त्या माणसाने स्वतःचा टाकला, तर दुसऱ्या पाळीला त्याची खासगी मेल उघडी मिळते आणि स्टोअरची मिळतच नाही. असे पीसी आधीच वेगळे काढ आणि तिथे कुणाला काही विचारू नकोस.

एचआरच्या जुन्या मराठी मेल जपून हलव. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर फॉन्टच्या नावावरच तगून असतो. नव्या प्रोग्रॅमने आपला फॉन्ट चढवला की सूचनापत्राच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. अशा मेल सापडल्या तर युनिकोडमध्ये बदलून एक प्रत सोबत ठेव.

शुक्रवारी रात्री निघ, सोमवारी सकाळी पोच, असं तुझ्या माहितीपुस्तिकांत लिहिलेलं असतं. आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते आणि रविवारी मशिनी चालू असतात. तू बुधवारी रात्री ये. महिनाअखेरीच्या आठवड्यात मात्र येऊ नकोस, तेव्हा बिलिंग आणि डिस्पॅचला मान वर करायला फुरसत नसते.

आता दोन शब्द तुला चालवणाऱ्यांसाठी. सिस्टिमवाल्यांनो, पहिली चाचणी साहेबांच्या लॅपटॉपवर घेऊ नका, डिस्पॅचच्या आणि स्टोअरच्या पीसीवर घ्या. काम झाल्याच्या आनंदात जुना सर्व्हर लगेच फॉरमॅट करू नका. तो इंटरनेटपासून तोडा, फक्त वाचण्यापुरता ठेवा आणि वर्षाचं ऑडिट पार पडेपर्यंत जागचा हलवू नका.

तुझा,
भोसरीतल्या एका कंपनीतला सिस्टिमवाला