दुकानाची पायरी

मराठी माणसाचा पायरीवर भारी जीव. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे तो बजावतो. ज्याला त्याला आपली पायरी ओळखून वागायला सांगतो. आणि उन्हाळ्यात आंबा खातो तोही पायरी! वर्गात हे वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे समजावून देत आलो आहे. दुकानाच्या पायरीकडे मात्र माझे लक्ष वेधले ते ताईने.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या नशिबी चाकांची खुर्ची आली. तेव्हापासून आमच्या लेखी पुण्यातल्या दुकानांच्या दोनच जाती उरल्या : पायरीची आणि बिनपायरीची. गेल्या दिवाळीत साडी घ्यायला आम्ही लक्ष्मी रस्त्यावर गेलो. दुकानदार मोठा सज्जन. "बाईंना कशाला त्रास?" म्हणत त्याने पाच-सहा साड्या फुटपाथवर आणून उलगडल्या. जाणारे-येणारे थांबून पाहू लागले. ताईने घाईघाईने पहिलीच साडी पसंत केली. घरी आल्यावर म्हणाली, "साडी वाईट नाही रे. पण पन्नास साड्या उलगडायला लावून एकही न घेता उठायचं सुख गेलं बघ!"

हसण्यावारी नेण्यासारखे हे बोलणे नव्हते. नको म्हणता येणे हाच तर गिऱ्हाइकाचा मान. उपकाराने दाखवलेल्या मालाला नको कसे म्हणायचे?

आता पायरीचीही बाजू ऐकू या. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून जोते उंच ठेवतात. उतार करायचा, तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी हवी, असे सरकारी मानक आहे. म्हणजे ६ इंचांच्या पायरीलाही ६ फूट! त्याहून आखूड फळी टाकली, की तिची घसरगुंडी होते. फुटपाथवर उतार काढला, तर पादचारी अडखळणार. तेव्हा तो दुकानाच्या आतच घ्यायला हवा. आणि तिथली ६ फूट जागा सोडायची म्हणजे दुकानदाराच्या जिवावरच येते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खासगी सेवा देणाऱ्यांनाही मोकळे सोडलेले नाही. नियम मोघम राहिले, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सक्तीची मानके ठरवायला सांगितले. शेवटी कुणाला तरी कोर्टाची पायरी चढावीच लागली म्हणायची!

खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली निघाली ती जायबंदी सैनिकांना हातचा धंदा शिकवण्यासाठी. जे गाव अशा माणसांना कमवायला शिकवते, त्याने ती कमाई खर्च करायला आलेल्यांना दाराबाहेर थांबवावे, हे व्यापाराच्या हिशेबातही बसत नाही.

लक्ष्मीपूजनाला दुकानाच्या दारात आपण लक्ष्मीची पावले काढतो. लक्ष्मी पायीच येणार, हे आपण धरूनच चालतो. यंदा त्या पावलांशेजारी चाकांपुरती वाट असावी, एवढेच मागणे!