मूळचं काय राहिलं?

परवा रात्री साडेअकराला मोबाइलवर एकामागून एक फोटो यायला लागले. आमच्या वयात एवढ्या रात्री फोन वाजला की आधी छातीत धस्स होतं. पण फोटो होते खोक्यांचे. पुठ्ठ्याची पाच-सहा खोकी, एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदावर दादाचं अक्षर. खाली पुतण्याचा निरोप, इंग्रजीत. 'काका, यांवर काय लिहिलंय ते सांगाल का? बाबांची गाडी विकायला काढलीय. जाहिरातीत लिहायचंय.'

पुतण्याचा जन्म इंग्लंडमधला. मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. १९६९ साली डॉक्टर होऊन तिकडे गेला, तिथलाच झाला आणि गेल्या वर्षी तिथेच वारला.

नातेवाईक मंडळींना ही गाडी फोटोतून माहीत आहे. इतरांसाठी थोडं सांगतो. गाडीचं नाव एमजीबी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. हल्ली आपल्या रस्त्यांवर एमजीच्या ज्या उंच गाड्या दिसतात, त्यांचं नाव तेच. पण कंपनी आता चिनी मालकीत गेली आणि आपल्याकडच्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. दादाची एमजीबी मात्र ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातली. १९६२ ते १९८० या काळात ह्या जातीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. मग कारखानाच बंद झाला.

दादाने ती २००४ साली, निवृत्त झाल्यावर घेतली. १९७२ सालची, हिरवी, कापडी छताची. म्हणजे मी बी.ए. झालो त्याच सालची! १९७४ नंतर अमेरिकेच्या नियमांपायी ह्या गाड्यांना काळे रबरी बंपर आले, आणि शौकीन लोक त्यांच्याकडे नाक मुरडतात, हे मला दादाकडूनच कळलं. त्याची गाडी त्याआधीची, चकचकीत बंपरची. त्याचा त्याला कोण अभिमान!

मी निवृत्त झाल्यावर २००९ साली तिकडे गेलो, तेव्हा त्याने मला तीत बसवून फिरवलं. इतकं खाली बसायचं की रस्ता बुडाखालून सरकतोय असं वाटतं. वारा, आवाज, पेट्रोलचा वास. दादा ६६ वर्षांचा, पण चाकामागे बसला की कॉलेजातला दिसायचा.

ह्या गाडीत त्याने बरेच बदल केले. मुळात सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून बारा केलेले असत. त्या काढून बारा व्होल्टची एकच बसवली. माझ्या जुन्या स्कूटरचे पॉइंट मी पॉलिशपेपरने घासत बसायचो, तसलेच पॉइंट हिलाही होते. ते काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं. चार गियरचा डबा उतरवून फोर्ड सिएराचा पाच गियरचा चढवला. आणि शेवटचा बदल २०१५ सालचा. दादाचा उजवा खांदा निकामी झाला. ह्या गाडीचं स्टिअरिंग चालती असताना हलकं, पण उभी करताना भलतंच जड. खांद्याने ते वळेना. तेव्हा डॅशबोर्डखाली दिसणारसुद्धा नाही अशी एक विजेची मोटर बसवून घेतली. पुढे आठ वर्षं त्याने त्या मोटरीच्या जोरावर गाडी चालवली.

आता विकताना अडचण हीच. पहिला गिऱ्हाईक आला, त्याला आवडली. 'रोज वापरता येईल अशी आहे,' म्हणाला. दुसऱ्याने आधी दाराखालचा पत्रा तपासला. ह्या गाडीला वेगळा सांगाडा नाही, सगळा भार पत्र्याच्या खोक्यावर असतो आणि दाराखाली गंज लागला की जीवच जातो म्हणे. पत्रा ठीक निघाला. मग बॉनेट उघडून मान हलवली. 'मूळची राहिली नाही.' आणि किंमत पाडून मागितली. पुतण्या मला विचारत होता, 'काका, सगळं जुनं परत बसवून विकू का? भाव जास्त येईल.'

'मूळचा राहिला नाही.' हे शब्द वाचले आणि झोप उडाली. कारण ते माझ्या तोंडचे आहेत.

१९८६ साली तात्या, आमचे वडील, गेले. दादा अकराव्या दिवशी पोचला. रजा, तिकीट, काय काय कारणं असतील. मी काही ऐकून घेतलं नाही. चार माणसांसमोर म्हणालो, 'दादा, तू आता आपला मूळचा राहिला नाहीस. पाहुणा झालास.' तो काही बोलला नाही. पुढे आम्ही बोलत राहिलो, मी त्याच्याकडे जाऊन राहूनही आलो, पण त्या वाक्याची माफी काही मागितली नाही. इकडे आम्ही सगळेच त्याचे बदल मोजत बसलो होतो. पूजा सोडली, मुलाला मराठी लिहायला शिकवलं नाही, चहात साखर घालत नाही! तिकडे थंडीत, रात्रपाळ्यांत, परक्या माणसांत टिकून राहायला त्याला काय काय बदलावं लागलं, ते मी कधी विचारलं नाही.

असो. फोटो एकेक मोठा करून वाचले.

'मूळ गियरबॉक्स. चालू स्थितीत. फेकू नये.'

'मूळ पॉइंट व कंडेन्सर.'

'मूळ स्टिअरिंग कॉलम. खांदा बरा झाल्यास परत बसवणे.'

जे जे काढलं, ते ते त्याने पुसून, गुंडाळून, नाव घालून ठेवलं होतं. आणि मराठीत, जे त्या घरात त्याच्याशिवाय फक्त वहिनीला वाचता येत होतं. तिची नजर आता अधू झालीय.

शेवटी बिस्किटांचा डबा. आत एक गंजका पाना. 'तात्यांचा पाना. गाडीला लागत नाही. ठेवावा.'

कराडला तात्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. इंग्रजी सायकलींच्या जुन्या मापाचा तो पाना. ह्या गाडीचे नट वेगळ्या मापाचे, त्यामुळे पाना एकालाही बसायचा नाही. १९६९ साली त्याने तो सामानात कधी टाकला, मला पत्ता नव्हता. तात्या तो पाना महिनाभर शोधत होते, आणि दुकानातल्या पोऱ्याला उगीच बोलणी बसली होती.

पुतण्याला रात्रीच उत्तर लिहिलं. काही परत बसवू नकोस. जाहिरातीत सगळे बदल साल घालून लिही, लपवू नकोस, आणि मूळचे सगळे भाग गाडीबरोबर देणार असंही लिही. घेणाऱ्याला हवं तर तो बसवील. सकाळी वहिनीचा फोन आला. म्हणाली, 'भाऊजी, बरं सांगितलंत. त्या मोटरीमुळे मलाही शेवटपर्यंत शेजारी बसून फिरता आलं.'

गाडी अजून विकली गेलेली नाही. पाना मात्र जाहिरातीत नाही. पुतण्या दिवाळीत येणार आहे, तेव्हा घेऊन येतो म्हणाला. येईल तेव्हा त्याला निदान बाराखडी शिकवावी म्हणतो. मास्तरकी अजून सुटली नाही, दुसरं काय!