रविवार कांगा लीगचा

मैत्रिणींनो, पावसाळ्यातला रविवार तुमच्याकडे कसा जातो? उशिरा उठणं, दुपारी गरम वरणभात, संध्याकाळी कांद्याची भजी, असाच ना? आमच्याकडे शनिवारी रात्रीपासूनच आभाळाकडे डोळे लागतात. रविवारी पहाटे पाचला गजर होतो. मेगाब्लॉक आहे का ते बघून डोंबिवलीहून लवकरची लोकल पकडायची असते. कारण आमचे ‘हे’ कांगा लीग खेळतात!

भर पावसात कसलं क्रिकेट, असं तुम्हांला वाटेल. लग्नानंतर मलाही वाटलं होतं. पण ही स्पर्धा मुळात पावसाळ्यासाठीच आहे. १९४८ साली ती मुंबईत सुरू झाली. डॉ. होरमसजी कांगा या पारशी क्रिकेटपटूचं नाव तिला दिलं. ओल्या खेळपट्टीवर खेळायची सवय आपल्या मुलांना व्हावी, हा त्यामागचा विचार. खेळपट्टी झाकायची नाही. गवत तर घोट्याच्या वर वाढलेलं! जमिनीवरून मारलेला चेंडू दहा पावलांवर त्यात अडकून बसतो. त्यामुळे इथल्या तीस धावा म्हणजे उन्हाळ्यातलं अर्धशतक, असं हे मोठ्या अभिमानाने सांगतात. गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर सगळे याच चिखलातून गेले. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत गट आहेत. आमचा क्लब ‘एफ’मध्ये. म्हणजे वर चढायला भरपूर वाव, असं म्हणायचं!

आता या क्लबात आहेत तरी कोण? बँकेतले दोघे, एक इलेक्ट्रिशियन, एक औषधाच्या दुकानातला, कॉलेजची तीन मुलं आणि चाळिशी ओलांडलेले बाकीचे. कप्तान पंचेचाळीस वर्षांचे. कोणालाही एक पैसा मिळत नाही, उलट वर्गणी खिशातून जाते. चेंडू, किट, चहा, वडापाव सगळं त्यातच.

मैदानातलं हे त्यांचं. घरातलं काय? ते मी सांगते. रविवारी रात्री दारात एक पिशवी येऊन पडते. आत चिखलाने माखलेला पांढरा शर्ट, गुडघ्यावर हिरवी झालेली पँट, मांडीवर चेंडू घासल्याचा लाल पट्टा. चिखल ओला असताना कधी चोळू नका हं, तो धाग्यात आणखी मुरतो. वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, मग थंड पाण्यात भिजवून साबण लावावा. गवताच्या डागाला आधी थोडं व्हिनेगर. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत, आणि ओले झाले की बदलावेत. पावसाळ्यात ही पँट वाळायला तीन दिवस लागतात. तोवर दुसरा रविवार उभा!

मी आठवड्यातून चार दिवस शाळेत अर्धवेळ शिकवते. रविवार हा माझाही एकुलता एक मोकळा दिवस. गाण्याचा क्लास पुन्हा सुरू करायचं दोन वर्षं मनात होतं, आणि तो नेमका रविवारी सकाळी असतो. मुलीला कोण बघणार, डबा कोण करणार, या दोन प्रश्नांपुढे गाडी जातच नव्हती. तुमच्याकडे क्रिकेट नसेल, भजनी मंडळ असेल, पत्ते असतील, नाहीतर सोसायटीची मीटिंग असेल. पण हा हिशेब ओळखीचा वाटतो ना?

यंदा क्लबाचा हंगाम वाईटच चालला होता. पहिला सामना पावसाने धुऊन नेला. दुसरा सपशेल हरले. तिसऱ्यात पहिल्या डावाची आघाडी गमावली. चौथ्यात पुन्हा पाऊस. गटाच्या तळाला राहणारे खाली घसरतात. “खाली गेलो तर कॉलेजची पोरं दुसरीकडे जातील,” हे एकदा जेवताना म्हणाले, “मग अकरा जण कुठून आणायचे? क्लबच बंद करावा लागेल.” एरवी हारजीत हसण्यावारी नेणारा माणूस, पण त्या रात्री भात तसाच राहिला.

पाचव्या सामन्याला आम्ही मायलेकी आझाद मैदानावर गेलो. क्लबाचा स्कोअरर आजारी होता आणि आमच्या चौदा वर्षांच्या कन्येला स्कोअर लिहिता येतो. त्या मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालतात, की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा असतो. लेक पेन्सिलनेच लिहीत होती. शाई पावसात पसरते ना!

समोरचा संघ ८७ धावांत बाद झाला. आमच्यांची अवस्था त्याहून बिकट. ७ बाद ६१ असताना हे आत गेले. कॉलेजच्या मुलाने उंच फटके मारत धावफलक ७९ वर नेला आणि झेल देऊन परतला. ८२ वर इलेक्ट्रिशियनभाऊ गेले. शेवटी बोट सुजलेले कप्तान आले. हे नुसते पुढे पाय टाकून चेंडू अडवत होते. एकेक धाव मोजता मोजता लेकीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. ८८ झाल्या, आणि पुढच्याच चेंडूवर कप्तानांचा त्रिफळा उडाला. आघाडी एका धावेची! तेवढ्यात सर आली आणि सामना तिथेच संपला. यांच्या नाबाद १२. तंबूत लहान मुलांसारखा आरडाओरडा चालला होता.

परतीच्या लोकलमध्ये मी माझं म्हणणं मांडलं. “अहो, क्लब बंद पडू नये असं मलाही वाटतं. पण त्याचा सगळा भार माझ्या रविवारावर नको.” हे थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “कपडे मी धुतो. डबा आदल्या रात्री दोघं मिळून करू.” लेक लगेच म्हणाली, “आणि मी बाबांबरोबर जाते. फक्त लिहायला नाही, नेटमध्ये खेळायलाही.” नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच आहे. तिला नाही कशी म्हणू?

आघाडीचे गुण मिळाले, तरी धोका टळलेला नाही. अजून सामने बाकी आहेत, पाऊसही बाकी आहे. गेल्या रविवारी ह्यांनी पँट धुतली. डाग पुरता गेला नव्हता, पण मी हात लावला नाही. दोन पाण्यांनंतर जाईल. मी क्लासमध्ये भूपाचे आलाप घेत होते. आवाज अजून लागत नाही म्हणा, पण हंगामही आता कुठे सुरू झालाय!

तुमच्या घरात असा कोणाचा छंद असेल, तर तो मोडू नका. त्याच्या मागचं काम मात्र मोजून दाखवा, आणि वाटून घ्या. भांडण न करता सांगितलं, तर बहुधा ऐकलं जातं. आणि सांगायची वेळ जिंकल्याच्या दिवशीची निवडावी, हे माझ्याकडून जास्तीचं!