फोटोतली करवत

जुन्या फोटोत करवत चालताना दिसली, तर ती थांबलेली आहे असं खुशाल समजावं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या काचेच्या प्लेटा मंद होत्या. त्यात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं जंगल भर दुपारीही अंधारं. फोटो निघेपर्यंत कित्येक सेकंद सगळ्यांनी निश्चल राहायचं. करवत खरोखर चालवली असती, तर प्लेटवर तिच्या जागी नुसता धुरकट पट्टा उमटला असता. ही गोष्ट पुस्तकात वाचायला मिळाली असती. मला ती कळली करवतीची मूठ हातात आल्यावर.

सिअ‍ॅटलला राहायला आल्यापासून हे फोटो मी पाहत आले होते. कॉफीच्या दुकानात, दंतवैद्याकडे, कॅलेंडरवर. खोलीएवढ्या रुंदीचं एक डग्लस फर किंवा सीडर, त्याच्या बुंध्यात कुऱ्हाडीने घेतलेली मोठी खाच, खाचेत आडवा झालेला एक लाकूडतोड्या, दोन्ही बाजूंना उभे दोघं आणि त्यांच्याजवळ पुरुषाच्या दुप्पट लांबीची करवत. खाली अनेकदा झाडाचा घेर लिहिलेला. माणसांची नावं क्वचितच. मी झाडाकडे बघायची, हळहळायची, ते पाडणाऱ्यांवर रागवायची आणि पुढे जायची. करवतीकडे लक्षच जायचं नाही.

यातले बरेचसे फोटो डॅरियस किन्सीचे. जन्म १८६९ चा, मिझुरीतला. वॉशिंग्टन राज्यात येऊन त्याने सीड्रो-वूलीला स्टुडिओ थाटला, पुढे सिअ‍ॅटलला बिऱ्हाड हलवलं. अवजड कॅमेरे, तिपाई आणि काचा घेऊन तो लाकूडतोड्यांच्या तळांवर हिंडायचा, तिथल्या कामगारांचे फोटो काढायचा आणि त्याच्या प्रती त्यांनाच विकायचा. त्याच्या मोठ्या कॅमेऱ्याची प्लेट २० बाय २४ इंचांची होती. १९४० मध्ये, सत्तरी ओलांडलेली असताना, तो एका बुंध्यावरून पडला आणि त्यानंतर त्याने फोटो काढले नाहीत. १९४५ मध्ये तो गेला.

माझ्या हाती करवत आली ती एका कायद्यामुळे. १९६४ च्या अमेरिकी वन्यप्रदेश कायद्याने राखलेल्या जंगलांत मोटरवर चालणारं अवजार वापरता येत नाही. वादळात पायवाटेवर आडवं पडलेलं झाड तिथे आजही हातकरवतीनेच कापतात. कॅस्केड पर्वतातल्या अल्पाइन लेक्स भागात अशा वाटा मोकळ्या करणाऱ्या स्वयंसेवकांत मी नाव घातलं. पन्नाशी जवळ आलेली, दिवसभर संगणकापुढे बसणारी बाई पाहून गटाची म्होरकी काहीच बोलली नाही. तिने फक्त करवतीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं.

पहिल्या दहा मिनिटांत माझी दमछाक झाली, कारण मी ढकलत होते. "ढकलू नकोस," ती म्हणाली. "ओढ, आणि सोडून दे. परत नेणं माझं काम." लांब पातं पातळ असतं, ढकललं की वाकतं आणि कापात अडकतं. ताकद फक्त आपल्याकडे ओढण्यात लावायची आणि परतीला हात नुसता मुठीवर ठेवायचा. वरून जोर देण्याचीही गरज नसते, करवतीचं वजन पुरतं. माझ्या आजोळी, कोकणात, घोडीवर चढवलेला फणसाचा ओंडका दोघं करवतकर चिरायचे : एक वर, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा म्हणून तो मान तिरपी धरायचा. ते तासन् तास न भांडता कसं काम करतात, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. भांडायला जागाच नसते, हे त्या दिवशी समजलं. एकाने घाई केली की दुसऱ्याच्या खांद्याला लगेच कळतं.

पातं धारदार असेल तर त्यातून भुसा पडत नाही, शेवया पडतात. करवतीला दोन तऱ्हांचे दात असतात. टोकदार दात कापाच्या दोन्ही कडांना लाकडाचे तंतू तोडत जातात आणि मधूनमधून असलेले बुटके दात तो तुटलेला भाग खरवडून बाहेर काढतात. ते बुटके दात टोकदार दातांपेक्षा केसभरच आखूड हवेत. तेवढा हिशेब चुकला की शेवयांचं पीठ होतं आणि माणसं घामाघूम होतात.

हे सगळं अंगात मुरल्यावर मी बेलिंगहॅमला गेले. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळचं हे गाव. किन्सीच्या फोटोंचा मोठा संग्रह तिथल्या व्हॉटकॉम म्युझियमकडे आहे. यावेळी झाडं सोडून मी करवती पाहिल्या. उभं झाड पाडायच्या करवतीची पाठ आत वळलेली असते. पातं हलकं होतं आणि कापात मागून पाचर ठोकायला लवकर जागा मिळते. पडलेला ओंडका तोडायची करवत जड आणि सरळ पाठीची, बहुतेकदा एकट्याने चालवायची. आता फोटोतली पाठ पाहून कुणाचं काय काम ते ओळखता येऊ लागलं. माणसं जमिनीपासून इतकी उंच का, तेही कळलं. बुंधा तळाशी फुगलेला आणि राळेने भरलेला असतो, म्हणून वरच्या अंगाला खाचा पाडून त्यांत फळ्या बसवायच्या आणि त्यांवर उभं राहून कापायचं. जवळ लटकवलेल्या बाटलीत रॉकेल. राळ धरू लागली की पात्यावर शिंपडायचं.

आणि लबाडीही दिसली. कुऱ्हाडीची खाच झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला घेतात आणि करवत चालते पाठीमागून. पण फोटोत तर खाच हवी, तीच प्रेक्षणीय. म्हणून काही फोटोंत करवत पुढे आणून बुंध्याला टेकवलेली आहे, तिथे तिला काही काम नसताना. मला ती लबाडी आवडली. १८८० च्या आसपासपर्यंत या भागात उभी झाडं कुऱ्हाडीनेच पाडत, करवत पडलेल्या ओंडक्यापुरती होती. पुढे ती झाड पाडायलाही आली, तेव्हा ती मिरवावी असं त्या माणसांना वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

ज्यांच्यावाचून हे फोटो झाले नसते, ती माणसं मात्र फोटोत सहसा नसतात. तळावर कानशीवाला असायचा. त्याचं खोपट वेगळं, भरपूर उजेड येईल असं. दिवसभर तो एकेक दात घासत बसायचा. त्याच्या हातावर सगळ्यांच्या खांद्यांचं भवितव्य, पण बुंध्यावर चढून उभं राहणाऱ्यांत तो नाही. दुसरी टॅबिथा, किन्सीची बायको. तो जंगलातून प्लेटा घरी पाठवायचा. त्या धुवायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या आणि तळांवर रवाना करायच्या, हे सगळं ती घरातल्या अंधाऱ्या खोलीत करायची, मुलं सांभाळून. नाव मात्र डॅरियसचं झालं.

तिथून मी त्याच म्युझियमच्या जुन्या इमारतीत गेले. लाल विटांची, उंच मनोऱ्याची ही वास्तू १८९२ ची; पूर्वी ते गावाचं सिटी हॉल होतं. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री शेकडो गोऱ्यांचा जमाव बेलिंगहॅमच्या लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांवर चालून गेला. मजूर बहुतेक पंजाबी शीख होते. त्यांना राहत्या जागांतून ओढून काढलं, मारहाण केली, सामान लुटलं. अनेकांना रात्रभर याच सिटी हॉलच्या तळघरात कोंडलं, म्हणे त्यांच्या सुरक्षिततेसाठी. काही दिवसांत सुमारे दोनशे माणसं गाव सोडून गेली. कुणालाही शिक्षा झाली नाही. २०१८ मध्ये या घटनेचीही आठवण म्हणून गावात लाल ग्रॅनाइटची कमान उभी राहिली.

जंगलात पाडलेली झाडं शेवटी अशा गिरण्यांतच यायची. ओंडक्याच्या एका टोकाला किन्सीचे लाकूडतोडे, दुसऱ्या टोकाला हे पंजाबी. पण मी पाहिलेल्या किन्सीच्या फोटोंत एकही पगडी नव्हती. यासाठी मी किन्सीला दोष देत नाही. तो फोटो विकून पोट भरत होता आणि त्याचं गिऱ्हाईक जंगलातल्या तळांवर होतं. तिथले कितीतरी जण स्वीडन, नॉर्वे, फिनलंडहून आलेले. आपण इथे काय करतो हे घरच्यांना दाखवायला असा फोटो त्यांना हवाच असणार. ज्यांनी पैसे मोजले त्यांचे चेहरे उरले. जुने फोटो काळाची साक्ष देतात असं आपण सहज म्हणून जातो; खरं तर ते आधी गिऱ्हाइकाची साक्ष देतात.

त्यामुळे त्या लाकूडतोड्यांविषयीचा माझा राग गेला असं नाही. हजार वर्षांची झाडं परत उभी राहत नाहीत. पण राग आता माणसांवरून हिशेबावर गेला आहे. लाकूड कुणाला हवं होतं, मजुरी कुणी ठरवली, कुणाला फोटोत उभं राहता आलं आणि कुणाला एका रात्रीत गावाबाहेर काढलं, हे सगळं एकाच वहीत मांडायला हवं.

आमच्या गटात करवती चालवणारे पुष्कळ आहेत, करवतीला धार लावणारे मोजकेच, तेही म्हातारे. ते शिकवायला तयार आहेत. अट एवढीच, की सगळा हिवाळा न चुकता यायचं आणि पहिले काही आठवडे फक्त दात मोजायचे, कानस हातात घ्यायची नाही. मी नाव दिलं आहे.